कारण: कार्यालयात पाणी

आमच्या वर्तमानपत्राच्या संदर्भ विभागात एक लोखंडी कपाट आहे. त्यात तीनशे सहासष्ट लिफाफे आहेत, वर्षाच्या प्रत्येक तारखेचा एक. एकोणतीस फेब्रुवारीचा लिफाफा अजून नवा दिसतो, कारण त्याला चार वर्षांतून एकदाच हात लागतो. रोज दुपारी मी दुसऱ्या दिवशीचा लिफाफा उघडते, त्यातल्या कार्डांमधून पाच घटना निवडते आणि 'आजचा दिवस' हे सदर तयार होतं. पाच म्हणजे पाचच. सहावी घटना कितीही मोठी असली तरी तिने पुढच्या वर्षापर्यंत थांबायचं. ऑफिसात मला तारीखबाई म्हणतात. मी पदार्थविज्ञान शिकले, आणि "एवढं शिकून शेवटी कॅलेंडरच फाडतेस ना?" हे वडील शेवटपर्यंत म्हणत राहिले.

सदर सुरू केलं माझ्या आत्याने, चव्वेचाळीस वर्षांपूर्वी. कपाटाच्या दाराला आतून तिच्या अक्षरातला एक पुठ्ठा चिकटवलेला आहे. त्यावर चार नियम आहेत. प्रत्येक घटनेला दोन छापील पुरावे हवेत. आठवण हा पुरावा नाही, मग ती कोणाचीही असो. नोंद निळ्या शाईत करावी आणि कार्ड या खोलीबाहेर नेऊ नये. चूक झाल्यास दुरुस्ती लाल शाईत करावी, मूळ नोंद ज्याची, दुरुस्तीही त्यानेच करावी, आणि खोडलेलं वाचता आलं पाहिजे.

तीस वर्षं तिने हे काम केलं. मग निवृत्तीला दोन वर्षं उरली असताना डोळ्यांचं कारण सांगून ते माझ्याकडे सोपवलं. त्याला चौदा वर्षं झाली. आम्ही दोघी एकाच घरात राहतो. डोळे अधू झाले म्हणून नोकरी सोडणाऱ्या माणसाने निदान चष्मा तरी बदलावा, पण तिने तोही बदलला नाही. चौकातल्या चष्म्याच्या दुकानात चल म्हटलं की म्हणायची, "बघण्यासारखं होतं ते सगळं बघून झालं."

ऑक्टोबरच्या आठ तारखेच्या लिफाफ्यात एक कार्ड आमच्या गावाचं आहे. पन्नास वर्षांपूर्वी या दिवशी नदीचा बांध फुटला आणि खालच्या वस्तीतली एकेचाळीस माणसं गेली. दहाव्या वर्षी नगरपालिकेने आमच्या सदरातूनच तारीख घेतली आणि स्मृतिदिन पाळायला सुरुवात केली. तेव्हापासून दर आठ तारखेला सकाळी दहाला भोंगा वाजतो, शाळेतली मुलं उभी राहतात, दुकानदार शटर अर्धं ओढतात. आत्याचा वाढदिवसही आठ ऑक्टोबर. आमच्या घरात तो कधी साजरा झाला नाही. भोंग्याच्या दिवशी गोडधोड बरं दिसत नाही, असं तिचं म्हणणं.

या वर्षी पन्नासावा स्मृतिदिन. नगरपालिकेने एक मोठी शिला बसवायचं ठरवलं होतं.

सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात चष्म्याच्या दुकानाची मालकीण माझ्याकडे आली. पन्नाशीची, उंच बाई. बोलताना समोरच्याच्या डोळ्यांकडे नाही, चष्म्याच्या काचेकडे बघायची सवय. हातात पत्र्याची नळी होती.

"तारखा तुम्ही छापता ना?"

"छापतात खाली. मी निवडते. बसा."

"बसायला वेळ नाही, दुकानात मुलीला ठेवून आलेय आणि ती गिऱ्हाइकाला आरशात बघू देत नाही." असं म्हणून ती बसली. "माझे बाबा फेब्रुवारीत गेले. त्यांचं कपाट आवरताना हे सापडलं. तुम्ही शास्त्र शिकलेल्या, असं कळलं. मला यातलं काही कळत नाही. काचा कळतात."

तिचे बाबा हवामान कार्यालयात निरीक्षक होते. पाऊस मोजायचा, वारा मोजायचा, आकडे वर पाठवायचे. गाव त्यांना 'उद्या' म्हणायचं. मीही लहानपणी म्हटलेलं आहे, का म्हणतात हे माहीत नसताना.

"तुम्हाला माहीत आहे, का म्हणायचे ते?" तिने विचारलं.

"आता आहे."

स्मृतिदिनाच्या पहिल्याच वर्षी नगरपालिकेने एक प्रदर्शन भरवलं होतं. वरच्या मजल्यावर असल्यामुळे वाचलेली नगरपालिकेची फोन-नोंदींची वही त्यात काचेखाली ठेवली होती. तिच्यात एक नोंद होती: ९ ऑक्टोबर, सकाळी ८.४०. हवामान कार्यालयातून फोन. बांधाला धोका. खालची वस्ती हलवावी. खाली कारकुनाची ओळ: साहेबांना कळवले. बांध आठला फुटला आणि इशारा नऊला आला, हे वाचून लोक हसले. बैल गेला आणि झोपा केला. तेव्हापासून ते नाव पडलं.

"मी अकरा वर्षांची होते," ती म्हणाली. "वर्गात पोरं विचारायची, ए उद्याची पोरगी, काल पाऊस पडणार आहे का गं? मी रडत घरी आले की बाबा म्हणायचे, नोंद आहे. कोणीतरी बघेल. बास. एवढंच. कधी कोणाशी भांडले नाहीत. मला तर त्यांचाच राग यायचा. अहो, नोंद आहे तर दाखवा ना लोकांना! तर म्हणायचे, नोंद दाखवायची नसते, ठेवायची असते."

नळीतून तिने एक कागद काढला. रोजचा पर्जन्यालेख. हा कागद घड्याळाच्या यंत्रावर फिरणाऱ्या नळकांड्याला गुंडाळतात. पाऊस पडेल तसं शाईचं टोक वर चढतं, मापक भरलं की झटकन खाली येतं, पुन्हा चढतं. जोराच्या पावसात कागदावर करवतीचे दात उमटतात. या कागदावर साडेआठपासून दाट दात होते. एक वाजून वीस मिनिटांना रेघ एकदम वरच्या कडेला गेली होती आणि तिथे शाईचा डाग पडून थांबली होती. पुढचा कागद कोरा. खालच्या बाजूला पाण्याची तपकिरी कड. त्यावर एक शिक्का: 'आलेख अपूर्ण. परत.'

मी कागद उलटा केला. मागे पेन्सिलीने, बारीक आणि सरळ अक्षरात:

लावला: ९ ऑक्टोबर, सकाळी ८.३०.
काढला: ९ ऑक्टोबर, दुपारी १.२५.
कारण: कार्यालयात पाणी.

हवामान कार्यालय बांधाच्या पायथ्याशी होतं. बांध फुटल्यावर पाच मिनिटांनी, कमरेइतक्या पाण्यात, या माणसाने यंत्रावरून कागद काढला होता, त्यावर वेळ लिहिली होती आणि मेणकापडात गुंडाळून तो बाहेर पडला होता. वरच्या कार्यालयाने तो अपूर्ण म्हणून परत पाठवला.

"काय म्हणतो कागद?" चष्मेवालीने विचारलं.

"बांध नऊला फुटला म्हणतो. फोन आधी झाला होता. चार तास चाळीस मिनिटं आधी."

तिने कागदाचं वळलेलं टोक सरळ केलं. मग म्हणाली, "शिलेवर आठ कोरणार आहेत. एकदा दगडात गेलं की बाबा कायमचे उद्या. मला बाकी काही नको, पुतळा नको, सत्कार नको. त्यांचा फोन आधी झाला, एवढंच खरं व्हायला हवं."

"खरं आहेच. सिद्ध व्हायला हवं."

"तुम्ही अगदी त्यांच्यासारखं बोलता," ती म्हणाली. ते कौतुक नव्हतं.

दुसरा दिवस मी हवामान कार्यालयात काढला. ते आता टेकडीवर आहे. तिथल्या कारकुनाने मूळ नोंदवही दाखवली. नऊ ऑक्टोबरच्या रकान्यात त्याच बारीक अक्षरात ३१२ मिलिमीटर. मग छापील वार्षिक पुस्तक काढलं. त्यात ३१२ मिलिमीटर आठ ऑक्टोबरपुढे होते. पुस्तकाच्या शेवटी, मुंगीएवढ्या टाइपात, एक टीप होती: 'सकाळी साडेआठला मोजलेला पाऊस आदल्या तारखेच्या नावे दाखवला आहे.' दोन्ही पद्धती आपापल्या जागी बरोबर होत्या. साडेआठला मोजलेला पाऊस बहुतांशी आदल्या दिवशीच पडलेला असतो. निरीक्षकाने मोजल्याची तारीख लिहिली, पुस्तकाने पडल्याची. पाऊस आठचा होता; बांध नऊचा. आत्याने सर्वांत मोठ्या पावसाचा दिवस तोच बांध फुटल्याचा दिवस धरला होता.

पण आत्याने एकाच पुराव्यावर कधी काही लिहिलं नाही. कार्डाच्या कोपऱ्यात दुसरा पुरावा नोंदलेला होता: पुरानंतर तिसऱ्या वर्षी छापलेला नगरपालिकेचा अहवाल, अभियंत्यांच्या सहीचा. 'दि. ८ रोजी ३१२ मिलिमीटर पाऊस होऊन बांध फुटला.' मी अहवालातला पावसाचा तक्ता आणि पुस्तकातला तक्ता शेजारी ठेवून ओळीने वाचत गेले. पाच तारखेपुढे दोन्हीकडे ४७ मिलिमीटर होते. मूळ वहीत ही नोंद सहा तारखेला होती, आणि ती ४.७ होती. छापणाऱ्याकडून दशांशचिन्ह निसटलं असणार. तसं होतं. पण दोन माणसांकडून एकाच जागी निसटत नाही. अहवाल पुस्तकावरून उतरवलेला होता. त्यात चूक होती की साहेबांची सोय होती, हे कागदावरून सांगता येत नाही.

म्हणजे आत्याकडे दोन पुरावे कधी नव्हतेच. एकच होता, दोनदा छापलेला.

शनिवारी सकाळी मी संपादकांकडे गेले. ते चांगले गृहस्थ आहेत. वाईट बातमी उभ्यानेच ऐकतात, म्हणजे निघून जाता येतं.

"अहो तारीखबाई, पन्नास वर्षं भोंगा आठला वाजतोय!"

"चाळीस."

"चाळीस तर चाळीस. गाव उभं राहतं, गाव बसतं, कामाला लागतं. आता काय सांगायचं त्यांना? मंडळी, चुकीच्या दिवशी उभे राहिलात?"

"हो."

"हो म्हणे!" त्यांनी खिडकीकडे पाहिलं, मग दाराकडे. "बरं. माझी ना नाही. पण कार्ड आत्याबाईंचं आहे. लाल शाई त्यांचीच लागेल, आणि पुरावे दोन लागतील. त्यांचाच नियम. मी उमेदवार असताना माझं एक शतक चुकलं होतं, तर त्या आठ दिवस माझ्याशी बोलल्या नव्हत्या. मांजराच्या गळ्यात घंटा तुम्हीच बांधा. बांधलीत तर छापतो, आणि नगराध्यक्षांना फोनही करतो."

"सोमवारपर्यंत वेळ आहे का?"

"ते पाथरवटाला विचारा."

पाथरवटाचं आवार आमच्या घराच्या वाटेवर आहे. शिला आडवी ठेवलेली होती. अक्षरं कोरून झाली होती; तारखेच्या जागी दोन खडूच्या रेघा होत्या, मधे काही नाही.

"आकडे शेवटी घेतो मी," पाथरवट म्हणाला. "बापाने शिकवलंय. माणसं नाव बदलत नाहीत, तारखा मात्र आयत्या वेळी बदलतात. सोमवारी सकाळी हात लावणार. का, बदलणार आहे का काही?"

"अजून नाही."

"मग झालं," तो म्हणाला आणि माझ्याकडे जरा संशयाने बघत राहिला.

त्याच्या पुढे बेकरी लागते. बेकरीवाल्याचे आईवडील पुरात गेले. तो दर वर्षी आठला दुकान उघडं ठेवतो, दहाला सगळ्यांबरोबर उभा राहतो, आणि नऊला बंद ठेवतो. विचारलं तर म्हणतो, "आमचं वेगळं आहे." आठच्या गर्दीने दमत असेल, असं मी समजत होते. लहानपणापासून ते बंद दार बघत होते, पण त्याला तारीख आहे हे कधी डोक्यात आलं नव्हतं.

संध्याकाळी आत्या स्वयंपाकघरात मटार सोलत बसली होती. मी समोर बसून सगळं सांगितलं, क्रमाने. ती सोलत राहिली.

"आलेख कोणी आणला?"

"त्यांच्या मुलीने."

"म्हणजे घरातला कागद, घरातलं अक्षर. आपणच आपली साक्ष. शिवाय छापील नाही."

"अर्धा पुरावा धर."

"अर्धा म्हणजे काय गं? भाकरी आहे का?" तिने एक शेंग दाबली. "आणि अहवाल?"

"अहवालात पाच तारखेला सत्तेचाळीस आहे. पुस्तकातही सत्तेचाळीस. वहीत चार पूर्णांक सात."

तिचे हात थांबले. "दशांशचिन्ह दोघांनी एकाच जागी हरवलं?"

"हो."

"उतरवलंय मेल्याने," ती हळू म्हणाली. हे तिला नवीन होतं, हे दिसलं. बाकीचं नव्हतं. ते मात्र मला नंतर कळलं.

"मग आता तुझ्याकडे काय आहे?" तिने विचारलं.

"आठला पुरावा एक. नऊला पुरावा अर्धा. नियमाने कार्ड बदलता येत नाही. सोमवारी शिलेवर आठ जाईल."

"तुला काय वाटतं? आठ की नऊ?"

"मला काय वाटतं हा पुरावा नाही."

"माझीच काठी, माझ्याच पाठीत!" ती हसली नाही. भांड्यातल्या दाण्यांवरून तिने हात फिरवला, जणू मोजत होती. मग म्हणाली, "मला आठवत होतं. कार्ड लिहिलं तेव्हाही आठवत होतं. आदल्या दिवशी मला बावीस पूर्ण झाली होती. खालच्या गल्ल्यांत घोट्याएवढं पाणी होतं, दर वर्षी यायचं तसं. आईने तशातही खीर केली होती. दुसऱ्या दिवशी मी कामावर गेले, पायी. दुपारी बांध फुटला. वाढदिवसाच्या दुसऱ्या दिवशी. विसरेन का मी?"

"मग आठ का लिहिलंस?"

"दोन छापील पुरावे आठ म्हणत होते. माझी आठवण नऊ म्हणत होती. आणि आठवण हा पुरावा नाही." तिने माझ्याकडे पाहिलं. "मीच नियम केलेला. पहिल्याच अडचणीला स्वतःसाठी वाकवला असता, तर मग नियम कसला? मी स्वतःला म्हटलं, बाई गं, तुझाच दिवस चुकत असेल. आणि वर्षभराने मला खरंच आठच आठवायला लागलं."

बाहेर कोणीतरी सायकल भिंतीला लावली.

"माझी ट्रंक उघड," आत्या म्हणाली. "सगळं बाहेर काढ. तळाचा कागद फाडू नकोस."

ट्रंक आजीची. माझ्या वडिलांचं घर विकलं तेव्हा ती आमच्याकडे आली. मी शाली काढल्या, एक जुना कोट, प्रमाणपत्रांची पिशवी. तळाशी वर्तमानपत्र अंथरलेलं होतं, कडांना गंजाचे डाग. आमचंच. पहिलं पान. पुराच्या महिन्याची आमची फाइल पाण्यात गेली. त्या महिन्याचा एकही अंक ऑफिसात नाही. पुरानंतर नऊ दिवस छपाईच बंद होती. त्यामुळे हाती असलेला शेवटचा अंक आजीने ट्रंकेत घातला असावा.

तारीख: ९ ऑक्टोबर. मथळा: 'खालच्या गल्ल्यांत पाणी, बांध भक्कम असल्याचा अभियंत्यांचा निर्वाळा.'

अंक पहाटे छापला जातो. नऊच्या पहाटे बांध उभा होता.

काखेत कळसा आणि गावाला वळसा. पण वळसा मी एकटीच घालत होते. कळसा कुठे आहे, हे आत्याला माहीत होतं.

"कधीपासून?" मी विचारलं.

"ट्रंक आली, तळ पुसायला घेतला, तेव्हापासून."

घर विकलं ते साल मला पाठ होतं. त्याच साली तिचे डोळे गेले होते आणि सदर माझ्याकडे आलं होतं.

"का नाही सांगितलंस?"

"भोंगा सुरू होऊन सव्वीस वर्षं झाली होती. मुलं उभी राहायची." ती थांबली. "हे कारण नाही. हे मी स्वतःला सांगायचे ते. दुरुस्ती मूळ नोंद करणाऱ्यानेच करायची, असं लिहिलंय ना पुठ्ठ्यावर? दुसरं कोणी करू शकणार नाही, हे मला माहीत होतं. मी नाही केली, की झालीच नाही." तिने मटारचं भांडं बाजूला सरकवलं. "आणि तो माणूस कधी आला नाही. एकदा तरी येऊन भांडला असता!"

"ते म्हणायचे, नोंद आहे, कोणीतरी बघेल."

"मी बघितली होती," आत्या म्हणाली. "बघितली होती गं मी."

त्या रात्री मटार तसेच राहिले. सकाळी तिने मला न सांगता त्यांची उसळ केली.

रविवारी ऑफिसात माणसं कमी असतात. चौदा वर्षांनी आत्या कपाटासमोरच्या खुर्चीवर बसली. तिने पुठ्ठा वाचला, जणू दुसऱ्या कोणी लिहिला होता. मी अंक पुढे ठेवला, आलेख ठेवला. ती म्हणाली, "अंक छापील, एक. आलेख हस्तलिखित. तो चालवून घ्यायचा तर पाचवा नियम लागेल." मग पुठ्ठ्याच्या तळाशी तिने निळ्या शाईत लिहिलं: घटनेच्या वेळी घटनेच्या जागी केलेली नोंद हा पुरावा आहे, ती छापलेली नसली तरी. खाली तारीख घातली, आजची. मागची घातली असती तरी कोणाला कळलं नसतं.

आठ ऑक्टोबरच्या कार्डावर तिने लाल रेघ मारली. खालचं निळं वाचता येत होतं. बाजूला लिहिलं: तारीख चुकीची. पाहा: ९ ऑक्टोबर. मग नऊचं नवं कार्ड घेतलं आणि दोन ओळी लिहिल्या. पहिली बांधाची, दुपारी १.२०. दुसरी फोनची, सकाळी ८.४०.

"ही वेगळी घटना कशी?" मी विचारलं. "संपादक एकच ओळ करायला सांगतील."

"सांग त्यांना, बांध फुटणं ही पाण्याची घटना आहे. फोन ही माणसाची." तिने टोपण लावलं. "चष्म्याचं दुकान रविवारी उघडं असतं का?"

होतं. चष्मेवाली काउंटरवर एका काचेची कड घासत होती. आत्याला तिने ओळखलं. गावात सगळे ओळखतात.

"मी चष्म्यासाठी आले नाही," आत्या म्हणाली. "मी आठ तारीख लिहिली होती. ती चूक होती, आणि चूक आहे हे मला चौदा वर्षं माहीत होतं. आज दुरुस्त केली. तुमचे वडील असताना करायला हवी होती."

चष्मेवालीने काच ठेवली. हात पुसले. आता ती काय म्हणेल ते मला सांगता आलं नसतं, आणि बहुधा तिलाही.

"चौदा," ती शेवटी म्हणाली. "बाबा जाऊन आठ महिने झालेत." मग आत्याच्या नाकावरच्या चष्म्याकडे तिची नजर गेली, सवयीने. "ही काच किती जुनी आहे? ओरखडे बघा. बसा तिकडे."

"मी त्यासाठी..."

"बसा म्हणते ना."

तिने तपासायला पंधरा मिनिटं घेतली. गरजेपेक्षा जास्त, असं मला वाटलं. दोघी अक्षरांखेरीज काही बोलल्या नाहीत. खालची ओळ, वाचा. आता डावा. आता काच बदलते, बरं दिसतं की वाईट? शेवटी ती म्हणाली, "नंबर जवळजवळ तोच आहे. तुमच्या डोळ्यांना काही झालेलं नव्हतं."

"माहीत आहे," आत्या म्हणाली.

"फ्रेम निवडा. बुधवारी या." आणि आम्ही दाराशी गेल्यावर, "स्वतः या. यांना पाठवू नका."

सोमवारी पाथरवटाने नऊ कोरला. परिपत्रकं मात्र आधीच गेली होती, आणि गेलेलं परिपत्रक नगरपालिकेला परत घेता येत नाही, म्हणून त्या वर्षी भोंगा दोन्ही दिवस वाजला. आठला सवयीने, सकाळी दहाला. नऊला दुपारी एक वीसला. काही लोक म्हणाले, तारीखबाईंनी गाव दोनदा उभं केलं. नऊला बेकरी बंदच होती, पण बेकरीवाला या वेळी बाहेर, सगळ्यांमध्ये उभा होता. आठला संध्याकाळी आमच्या घरी खीर झाली. आत्याने दुसऱ्यांदा घेतली आणि साखर कमी आहे म्हणाली.

नऊच्या सदरात या ओळी होत्या. १५८२ साली काही देशांत नवं कॅलेंडर आलं, चार ऑक्टोबरनंतर थेट पंधरा उजाडली, आणि ही तारीख त्यांच्याकडे झालीच नाही. १६०४ साली आकाशात एक नवा तारा दिसला. केप्लरने तो सतरा तारखेला पाहिला, पण तारा त्याच्याच नावाने ओळखला जातो. मग एक ओळ आणखी, आणि मग आमच्या दोन. त्यांना जागा करण्यासाठी मी जागतिक टपाल दिन वगळला. टपाल कचेरीतून निषेधाचं पत्र आलं. ते चौथ्या दिवशी पोचलं.

'उद्या' हे नाव मात्र लगेच जाणार नाही. परवाच रिक्षावाल्याने मला विचारलं, "म्हणजे उद्याच्या चष्म्याच्या दुकानापाशी सोडू ना?" तो सव्वीस वर्षांचा असेल. त्याला कारण माहीत नव्हतं.

नऊच्या सकाळी, अंक बाहेर पडल्यावर, मी नेहमीच्या वेळी ऑफिसात आले. टेबलावरचा फोन वाजला. समोरच्या घड्याळात आठ चाळीस झाले होते.

"मी बोलतेय," चष्मेवाली म्हणाली. "काम काही नाही. वेळ झाली, म्हणून केला."

तिच्या दुकानात कोणीतरी आरसा मागत होतं. तिने त्यांना थांबायला सांगितलं, आणि मग तीही थांबली.

"नोंद घेतली," मी म्हणाले.